नंबर तुम्हीच दिला होता

प्रति,
बंदरं, मासेमारी आणि जुनी दप्तरं यांचा कारभार ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर येतो त्या सर्व अधिकाऱ्यांना,
तसेच जुने कायदे मोडीत निघाले की सभागृहात बाकं वाजवणाऱ्या आमच्या लोकप्रतिनिधींना

विषय : रद्द झालेल्या कायद्यांखाली लिहिलेली रजिस्टरं रद्दीत न घालण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. याच मजकुराचा साधा अर्ज मी तीन वेळा दिला. तिन्ही वेळा आवक शिक्का मिळाला, उत्तर एकदाही आलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. तुम्ही नाही वाचलंत तरी माझ्यासारखे ज्यांच्या घरात पत्र्याच्या डब्यात जुने कागद पडून आहेत ते तरी वाचतील.

मी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातला. वाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तेवढ्याच एका वाड्याची फाइल मागवाल आणि प्रश्न निकाली निघाला म्हणाल. दर्यावर मी फारसा टिकलो नाही. दहा वर्षांचा असताना आजाबरोबर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वांत्या करत परत आलो. तेव्हा आजा म्हणाला, "याला पाटी-पेन्सिल द्या." पुढे एकतीस वर्षं मच्छीमार सोसायटीत लेखनिक होतो. डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं, परताव्याचे तक्ते, लायसन नूतनीकरणाचे अर्ज हेच माझं काम. सरकारी कागद कसा चालतो, कुठे अडतो आणि कशाने सुटतो, हे मला बऱ्यापैकी कळतं. म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं ते गिळून गप्प बसणं जमत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एक सागवानी फळी आहे. माझ्या लहानपणी तिच्यावर पाण्याची पितळी भांडी असत, आता मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या असतात. ही फळी पणजाच्या मचव्याची, नाळेकडची. मचवा मोडला तेव्हा बाकीचं लाकूड चुलीत गेलं, ही फळी आजाने ठेवली, कारण तिच्यावर नंबर होता. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी आकडे : ४१७. दर साली नारळी पौर्णिमेआधी मचवा रंगवताना त्या आकड्यांवरूनही ब्रश फिरायचा, त्यामुळे रंगाचे इतके थर चढलेत की डोळे मिटून बोटाने नंबर वाचता येतो. आजाला इंग्रजी येत नव्हतं, पण हे तीन आकडे तो बिनचूक गिरवायचा.

फळीच्या जोडीला एक कागद आहे. १९२९ सालचा नोंदणीचा दाखला, घड्यांवर फाटलेला, बिस्किटाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. त्यावर तोच नंबर, वाड्याचं नाव आणि पणजाचं नाव, तेही इंग्रज कानाला जसं ऐकू आलं तसं.

गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी एक मोठं काम निघालं आणि त्याने बाधित होणाऱ्या मच्छीमारांची मोजणी सुरू झाली. फॉर्ममध्ये एक रकाना होता : कुटुंब किती सालापासून मासेमारी करते, पुराव्यासह. माझ्या चुलतभावाची कव, म्हणजे जाळं लावायची ठरलेली जागा, तिथेच आहे. पिढ्यान् पिढ्या त्याच जागी खुंट रोवून डोल जाळं लावतात. पण त्याच्या बापाची मोठी होडी कधीच मोडली आणि आताच्या लहान होडीची नोंदणी अर्धवट राहिलेली. म्हणून आम्ही तो १९२९चा दाखला घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, उगाच खोटं का बोलू. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि म्हणाला, "काका, हा ॲक्टच राहिला नाही आता. रिपील झालाय. याखालचा कागद चालत नाही."

मग मूळ रजिस्टर बघू द्या, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं : "सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही." आणि त्यानंतर महिन्याभराने त्याच इमारतीच्या जिन्यात मी एक सूचना वाचली. जुन्या, कालबाह्य अभिलेखांचे निर्लेखन करण्यात येणार असल्याची. निर्लेखन हा तुमचा शब्द. आमच्याकडे त्याला रद्दीत देणं म्हणतात. जे सापडत नाही तेच रद्दीत जाणार आहे का, की रद्दीत जायचं म्हणून सापडत नाही, एवढं एकदा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता थोडं मागे जातो. तो कायदा कशासाठी आला होता हे काउंटरवरच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसणार.

१८३७ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात पिकणाऱ्या मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला. १८३८चा पहिलाच कायदा जकातीचा. देशात नाक्यानाक्यावर घेतली जाणारी जकात उठवून ती बंदरांत आणून बसवणारा. आणि त्याच साली एकोणिसावा कायदा आला, किनाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांना, मासेमारीच्या होड्यांना आणि बंदरातल्या लहान नौकांना नंबर देणारा. आमचा दाखला याच्याच खालचा. मालाच्या गलबतांसाठी तर अक्षराची उंचीसुद्धा ठरवून दिली होती : सहा इंच, पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं, आणि लिपी इंग्रजी. दोन सालांत तीन कायदे. आधी मीठ मोजलं, मग माल मोजला, मग होड्या मोजल्या. हे तिन्ही एकेकटे वाचले तर रुक्ष वाटतात. एकापुढे एक ठेवले की लक्षात येतं, किनाऱ्यावरून सरकारच्या नजरेआड काही हलू नये यासाठी विणलेलं ते एकच जाळं होतं, आणि त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, अगदी बारीक होता. कुलाबा बेट मुंबईला जोडणारा कॉजवेही त्याच १८३८ सालचा. ओहोटीची वाट बघत बसायचं कारण संपलं आणि भरतीला पलीकडे नेणारी होडी बिनकामाची झाली. तिलाही नंबर मिळाला असेल.

मिठाचं पुढे काय झालं ते सांगायचा मोह आवरत नाही. १८४४ साली तो आठ आण्यांचा कर एकदम रुपया केला. सुरतेत लोक रस्त्यावर आले, दंगा झाला, आणि लंडनहून हुकूम येऊन तो बारा आण्यांवर आणावा लागला. म्हणजे ओरड केली तर चार आणे सुटतात, हे या किनाऱ्याला तेव्हापासून माहीत आहे. आमचा बोंबील बिनमिठाचा, नुसत्या उन्हावाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, सुकतो. मीठखात्याला आमच्या बायकांनी दिलेली ती सगळ्यात जुनी हुलकावणी, असं आजी हसत सांगायची. मुशी, सुरमई खारवायला मात्र मीठ लागतं आणि तिथे कर सुटत नसे. १८९०च्या मीठ कायद्याखाली मिठागर चालवायलाही परवाना लागे. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर लोक का धावून गेले, ते कळायला एवढं पुरे.

बाकीचं भरभर सांगतो. १८६८चा तरींचा कायदा, ज्याखाली खाडी ओलांडायच्या होडीचा मक्ता लिलावाने जाई. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट. १८७५ साली ससून डॉक, आधी व्यापाऱ्याचा, चार वर्षांनी सरकारने विकत घेतलेला. १८९७चा मत्स्य कायदा, ज्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. (हा कायदा मला मनापासून आवडतो. आमच्या खाडीत आज जे काळं पाणी सोडलं जातं ते मासे मारण्याच्या हेतूने सोडलं जात नाही, एवढ्याच फरकावर सगळे निर्दोष आहेत.) १९०८चा बंदर कायदा तर परवा परवापर्यंत, २०२५ साली नवा येईपर्यंत, आमच्या डोक्यावर होता.

या प्रत्येक कायद्याच्या पोटी कागद जन्माला आले. नोंदवह्या, पावत्या, दाखले, नकाशे, दंडाच्या नोंदी. कोणाची होडी, कुठल्या वाड्याची, किती भाराची, ते सगळं. कोळ्याने लिहून ठेवलं नाही, असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. आम्ही नाही लिहिलं, खरं आहे. तुम्ही लिहिलं होतं. आमच्याकडून घ्यायचं होतं तेव्हा आम्ही दर रजिस्टरात सापडत होतो. आता द्यायची वेळ आली तर रजिस्टरच सापडत नाही.

माझ्या तक्रारी अशा.

पहिली तक्रार त्या वाक्याची. "ॲक्ट राहिला नाही." राहिला नसेल तर नसो. पण कायदा गेला म्हणून त्याखाली झालेली गोष्ट झालीच नव्हती, असं होत नाही. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. १८९७चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, त्याचं कलम ६ बघा. कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधी जे रीतसर घडलं आणि जे हक्क मिळाले त्यांना धक्का लागत नाही. तोही गोऱ्यांच्याच काळातला, आणि तो मात्र तुम्ही रोज वापरता. पुराव्याच्या कायद्यात तर तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा धरता येतो, असं आहे. १८७२च्या कायद्यात ते कलम ९० होतं, २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ९२ आहे. नाव बदललं, आकडा दोनाने पुढे सरकला, गोष्ट तीच राहिली. आमच्या बिस्किटाच्या डब्याइतका योग्य ताबा दुसरा कुठला दाखवू?

दुसरी तक्रार मोडीत काढण्याच्या उत्साहाबद्दल. गेल्या काही वर्षांत केंद्राने दीड हजारांहून अधिक जुने कायदे रद्द केल्याचं आपण अभिमानाने सांगता. सांगा, माझी हरकत नाही. पणजाला इंग्रजी आकडे शिकवणाऱ्या कायद्याबद्दल मला कसली माया असणार? राज्याच्या जुन्या कायद्यांच्या नावांतलं "बॉम्बे" पुसून "महाराष्ट्र" लिहिलं गेलं, तेव्हाही बरंच वाटलं. पण त्याने तरीवर उभ्या असलेल्या बाईची टोपली हलकी झाली नाही. आणि किनारा सरकारचा, आम्ही परवान्यावरचे, ही मूळ चौकट एकाही फेरफारात हलली नाही. म्हणजे कायद्यातलं जे आमच्या विरुद्ध होतं ते नव्या नावाने शाबूत राहिलं, आणि जे चुकून आमच्या बाजूचं झालं होतं, ती नोंद, तेवढी कालबाह्य ठरली.

तिसरी, "आढळून येत नाही" याबद्दल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिली आहेत. "सापडत नाही" हे कारण त्यात नाही. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं, की दप्तर यादी करून, सूची लावून नीट ठेवायचं. २००५ सालचा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदाही आहे. इतके कायदे दप्तर जपायला असताना प्रत्यक्षात सगळ्यात चपळाईने होताना मला दिसलं ते अभिलेख नष्ट करण्याचं काम. त्याचाही एक १९१७ सालचा कायदा आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. वसाहतीच्या काळातलं काही आपण मनापासून आत्मसात केलं असेल तर ते हेच असावं.

चौथी तक्रार जरा उलट्या दिशेची आहे. माझ्याच बाजूची माणसं यावर माझ्याशी भांडली, पण ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. ही रजिस्टरंही पूर्ण नाहीत. त्यांत नाखवा आहे, खलाशी नाही. होडी आहे, पण जाळं विणणारे हात नाहीत. आणि बाई तर औषधालासुद्धा नाही. माझ्या आजीने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं विकलं. घर तिच्या पैशावर चालायचं, मचव्याचं कर्ज तिने फेडलं. सरकारदरबारी तिची नोंद एकच, मृत्यूची. इंग्रजाने मालकाचा रकाना आखला आणि तुमच्या नव्या सर्वेक्षणाने तोच रकाना जसाच्या तसा उतरवून घेतला. आमच्या वाड्यात तीन विधवा बायका स्वतः माणसं लावून होडी चालवतात. मोजणीच्या यादीत त्यांच्या मेलेल्या नवऱ्यांची नावं आली, त्यांची नाहीत. तेव्हा रजिस्टर जपा म्हणताना मी असं म्हणत नाही, की रजिस्टरात असेल तेवढंच खरं धरा. होकाराचा पुरावा म्हणून ते धरा. नकाराचा म्हणून धरू नका.

आणखी एक. पुरावा म्हणजे फक्त तुमच्या कपाटातलं, हे कोणी ठरवलं? १८७१ सालचा मुंबई हायकोर्टातला एक खटला आहे. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एका गावच्या लोकांनी दुसऱ्यांचे समुद्रात रोवलेले मासेमारीचे खुंट उपटून टाकले. फौजदारी झाली. प्रश्न असा पडला, की किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत पाण्यात झालेला गुन्हा इथल्या कोर्टाच्या हद्दीत येतो का? कोर्ट म्हणालं, येतो. आता गंमत बघा. सरकारचा अंमल समुद्रात कुठवर जातो याचा निवाडा झाला तो आमच्यासारख्यांच्या खुंटांवरून. म्हणजे तेव्हा खुंट होते, खुंटाला मालक होता, आणि तो उपटला तर शिक्षा होती. दीडशे वर्षांनी माझा भाऊ खुंटाची जागा बोटाने दाखवतो, तर त्याला विचारतात, इथे मासेमारी होत होती कशावरून?

हा नुसता कोळ्यांचा प्रश्न नाही. माझ्या बायकोचे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा १ जानेवारी १९८२ला तुम्ही मस्टरवर होता का, हा प्रश्न होता. मस्टर गिरणीचं, गिरणीला कुलूप, कुलपाची चावी लिक्विडेटरकडे. सासूबाईंनी पिठाच्या डब्यामागून त्यांचं तिकीट नंबरचं कार्ड काढलं म्हणून अर्ज पुढे सरकला. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी ते कार्ड नवऱ्याच्या दहाव्याला गाठोड्यात बांधून टाकलं होतं. दोघींचे नवरे एकाच पाळीला, एकाच खात्यात होते. १८८१ला मुंबईच्या गिरण्यांवर पहिला कारखाना कायदा आला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९०ला रविवारची सुट्टी मिळवली, आणि शेवटी सगळा हिशेब आला कुठे, तर बाईने कार्ड कुठल्या डब्यात ठेवलं तिथे. वरळीच्या कोळ्यांचं उदाहरण ताजं आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घ्यायला त्यांना वर्षानुवर्षं उभं राहावं लागलं. आपला रस्ता कुठून जातो हे त्यांना कुणी आधी विचारलं असतं तर? पण विचारायला यादी लागते, आणि यादी रजिस्टरात असते.

मी तुमच्यापैकी कुणालाही चोर म्हणत नाही. एकतीस वर्षं मीही टेबलाच्या त्याच बाजूला बसलो आहे. गोदामात पाणी शिरतं, वाळवी लागते, बदलीवर आलेल्या माणसाला आधीच्याने काय कुठे ठेवलं ते माहीत नसतं. सोसायटीची १९६८ची डिझेलवही माझ्याच कारकिर्दीत उंदरांनी खाल्ली आणि मी तसा शेरा मारला. पण मी शेऱ्याखाली सही केली होती आणि सभासदांना सांगितलं होतं. तुमच्या उत्तराखाली सही कोणाची आहे ते मला भिंगाने बघूनही लागलं नाही.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

बंदर, नौका, मीठ, तरी आणि मासेमारी यांच्या जुन्या दप्तराचं निर्लेखन आजच थांबवावं. काय काय आहे याची यादी करावी. ती मराठीत असावी आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाड्यात, सोसायटीच्या फळ्यावर लावावी. नुसती संकेतस्थळावर टाकून "प्रसिद्ध केली" म्हणू नये. यादीवर हरकत घ्यायला पावसाळ्याचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै द्यावेत. तेव्हा बंदी असते, माणसं घरी असतात.

जे शिल्लक आहे ते काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे द्यावं. १८२१ पासूनची परंपरा असलेली ती जागा आहे, तिथली माणसं कागद हाताळायला शिकलेली आहेत. वह्यांच्या प्रतिमा काढाव्यात आणि वाड्यागणिक सूची करावी. नावं इंग्रज कानाने लिहिलेली असल्यामुळे नुसत्या नावावरून काही सापडणार नाही. सूची करताना प्रत्येक वाड्यातलं एक म्हातारं माणूस शेजारी बसवा. चहा आम्ही आणू.

जे खरंच नष्ट झालं आहे, ते कधी, कोणाच्या आदेशाने, कशामुळे, हे सहीनिशी लिहून द्यावं. "आढळून येत नाही" हे तीन शब्द यापुढे कोणत्याही उत्तरात एकटे येऊ नयेत.

जोवर सरकार आपलं रजिस्टर दाखवू शकत नाही, तोवर ते नसल्याचा भार आमच्यावर टाकू नये. जुना दाखला, सोसायटीची वही, बाजाराच्या फाळ्याची पावती, कोर्टाचा निकाल, जमातीच्या पंचांचं म्हणणं आणि पाहणीत प्रत्यक्ष दिसणारा खुंट, हे सगळं पुरावा म्हणून घ्यावं. आणि खाडीच्या तोंडाच्या कामाची बाधितांची यादी तोपर्यंत अंतिम करू नये.

त्या यादीत होडी चालवणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचा वेगळा रकाना हवा, त्यांच्या स्वतःच्या नावाने.

शेवटची मागणी काउंटरसाठी आहे. रद्द झालेल्या कायद्याखालचा कागद घेऊन कोणी आला तर तो परत करू नये, नोंदवून घ्यावा, असं एक साधं परिपत्रक काढावं. त्या मुलाची चूक नाही, त्याला कोणी लेखी सांगितलेलं नाही.

माझा चौथा अर्ज येत्या सोमवारी घेऊन येतो आहे. सोबत दाखल्याची झेरॉक्स असेल आणि मूळ पुरावा म्हणून फळीसुद्धा आणतो आहे. बरण्या काल उतरवून ठेवल्या. फळी साडेपाच फुटांची आहे आणि तुमच्या लिफ्टमध्ये ती आडवी मावत नाही, हे मी मोजून आलो आहे. भाऊ आणि मी मिळून जिन्याने चढवू. फक्त कोणत्या मजल्यावर आणायची, तेवढं कळवावं.

आपला,
पूर्व किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातला निवृत्त लेखनिक,
मचवा क्रमांक ४१७च्या मालकाचा पणतू
मुंबई